वायफाय न मागणारे सर

विमानतळावर सामान हातात आलं की माणसं दाराकडं निघतात. आमचे सर खाली बसायचे. सिमकार्ड विकणाऱ्या काउंटरच्या समोर, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून. मग रेक्झिनच्या पिशवीतून त्यांचा जाडजूड लॅपटॉप निघायचा, मांडीवर उलटा व्हायचा आणि त्याची बॅटरी बाहेर यायची. बॅटरीखालच्या खाचेतलं जुनं सिम नखानं उचकटून सुपारीच्या डबीत जायचं आणि त्या देशातलं नवं सिम आत बसायचं. हे सगळं होऊन लॅपटॉपला नेट लागेपर्यंत सर विमानतळाबाहेर पाऊल टाकत नसत. बाहेर कुणी त्यांच्या नावाची पाटी धरून ताटकळत असलं तरी.

मी त्यांच्याबरोबर परदेशी एकदाच गेलो, व्हिएतनामला. पण कोलंबो, काठमांडू, बँकॉक, जिथं जिथं ते भाताच्या बियाण्यांवर बोलायला गेले तिथं असंच झालं, हे आधीचे विद्यार्थी शपथेवर सांगतात. सर आता निवृत्त झालेत, गडहिंग्लजकडं गावी असतात. मी त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि दरवेळी पहिली आठवण येते ती हीच. आणि पहिली भावना येते ती लाजेची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल.

तो लॅपटॉप जुन्या काळचा होता. मोठ्या कंपन्या आपल्या फिरत्या साहेबांना देत असत तसला, ज्याच्या पोटातच सिम घालायची सोय असते. फोनसारखं सिम घातलं की तो स्वतःच टॉवरशी बोलतो, मधे वायफाय लागत नाही. पण नुसतं सिम घालून भागत नाही. प्रत्येक कंपनीचं एक ठरलेलं नाव त्यात टाइप करावं लागतं, त्याला एपीएन म्हणतात. आजकालच्या फोनमध्ये ते आपोआप पडतं. सरांच्या लॅपटॉपमध्ये मात्र आधीच्या देशाचंच नाव चिकटून राहायचं. म्हणजे माणूस हनोईत उतरलेला आणि लॅपटॉप अजून बँकॉकच्या कंपनीला हाका मारतोय. त्यामुळं सर काउंटरवरच्या पोरीला विचारायचे, "पावणं, एपीएन सांगा की."

खरंच असं विचारायचे. 'पावणं' हा शब्द त्यांनी कुठल्याच देशात सोडला नाही. पुढचं इंग्रजीत असायचं, पण आवाज कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलाच. हनोईत त्या पोरीला काही कळेना. तिनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं सुरक्षारक्षकाला. जमिनीवर बसून लॅपटॉपचं पोट उघडलेला उंच, टक्कल पडलेला माणूस बघून रक्षक जवळ आला. मी माझी बॅग घेऊन एका खांबाआड गेलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला विमानप्रवास, पहिला परदेश. मला एवढंच वाटत होतं की आपण ह्यांच्याबरोबर आहोत हे कुणाला कळू नये. तेवढ्यात सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला.

"तम्मा! अरं ए तम्मा! आलं नेट! सूर्य मावळायला लई येळ हाय, निवांत जेवायला गावतंय!"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सर कर्नाटकाच्या सीमेवरचे, त्यांच्या घरात असे कानडी शब्द चालायचे, आणि सगळे विद्यार्थी त्यांचे तम्मा नाहीतर तंगी, म्हणजे धाकटी बहीण. सूर्याची चौकशी अशासाठी की सर जैन. दिवस मावळल्यावर ते तोंडात काही घालत नसत. परक्या गावात सूर्य किती वाजता मावळतो हे कळल्याशिवाय जेवणाची वेळ ठरत नाही, आणि नेट असल्याशिवाय सूर्य कळत नाही. एकदा उन्हाळ्यात ते युरोपात खूप उत्तरेकडं गेले होते. तिथं सूर्य मावळायचं नाव घेईना. तिथून आल्यावर वर्गात सांगत होते, "रात्री दहाला पोटभर जेवलो, आन धर्मबी बुडाला न्हाय. असल्या देशात आपली माणसं वसवायला पायजेत."

कोल्हापुरातसुद्धा त्यांचं हेच चालायचं. जिल्ह्यात कुठल्या कंपनीची रेंज कुठं येते हे त्यांना पाठ होतं. गडहिंग्लजला ही, जोतिबाच्या डोंगरावर ती, पायऱ्या उतरताना निम्म्यावर दोन्ही गायब. आम्ही पाठीमागं त्यांना 'टॉवर' म्हणायचो. एम.एस्सी.ला प्रवेश घेतला त्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी गाव विचारलं. मी शाहूवाडीतलं सांगितलं आणि दबकत म्हटलं, लहान गाव आहे, सर, तुम्हाला माहीत नसेल.

"म्हाईत न्हाय कसं? तुमच्यात कुठलीच कंपनी न्हाय. पाण्याच्या टाकीपशी एक काडी येत्या, तीबी वारं पडलं तर. बौद्धवाडा टाकीच्या वरच्या अंगाला न्हवं?"

"हो, सर." मी म्हटलं. बौद्धवाडा माझा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अर्जात होतंच ते.

"मग तुझं घर चांगल्या जागी हाय," सर म्हणाले. "गावात समद्यांपेक्षा जास्त रेंज तुमच्यात."

बाकीची पोरं हसली. ही चेष्टा होती की कौतुक, मला ठरवता आलं नाही. सरांच्या बऱ्याच बोलण्याचं माझं असंच व्हायचं.

विभागात वायफाय होतं. सर ते वापरत नसत. पाहुणे म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेले तर तिथलंही नाही. कुणी कौतुकानं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला तर चिठ्ठी खिशात ठेवायचे आणि घरी आल्यावर तिच्या मागं हिशेब करायचे. उलट त्यांच्या लॅपटॉपचं नेट आजूबाजूला कुणालाही मिळायचं. पासवर्ड फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवलेला असायचा. आमच्यातल्या कित्येकांनी परीक्षेचे फॉर्म त्यावरच भरले. सरांचं नेट संपलं की सर वर्गात येऊन शिव्या द्यायचे, नवं भरून आणायचे, आणि पासवर्ड तोच ठेवायचे.

माझा अभ्यास आमच्या घरच्याच एका भातावर होता. तांबड्या कुसळाचं, उंच वाढणारं जुनं भात. नवी बियाणं आली तसं ते गावातून गेलं. आमच्याकडं टिकलं, कारण आमच्या तुकड्यात दुसरं काही धड येतच नाही. ते पावसात आडवं पडून पुन्हा कसं उठतं, किती दिवस पाण्यात तग धरतं, ह्याची मोजणी मी दोन पावसाळे केली. गुडघाभर चिखलात उभं राहून. माझ्या आयुष्यात मी स्वतः केलेली, कुणी न दिलेली अशी ती पहिलीच गोष्ट होती.

हनोईच्या परिषदेत आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची भाषणं होती. ती ऐकून परीक्षक एकाला निवडणार होते. निवडलेल्याला तिथल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं त्यांच्याकडून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला स्पष्टच सांगितलं होतं की एम.एस्सी.च्या पुढं त्यांच्याच्यानं होणार नाही. ती जागा मिळाली तर पुढं शिकायचं, नाहीतर मिळेल ती नोकरी धरायची. मला ती जागा हवी होती. इतकी, की देवाला न मानणाऱ्या घरातला मी, पण तालीम करताना नकळत हात जोडले जायचे.

निघायच्या थोडे दिवस आधी सर प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "शेवटची पाच मिनिटं आबांची."

मला कळेना.

"व्हिडिओवर बोलतील की. भात त्यांचं, रान त्यांचं, आन बोलणार एकटा तू?"

"सर, त्यांना इंग्रजी येत नाही."

"मला येतंय की. मी सांगीन."

"गावात रेंज नाही, सर."

"टाकीपशी येत्या. तुझ्या चुलतभावाला उभा कर फोन धरून."

"पण स्लाइडमध्ये सगळं आलंय, सर."

सर माझ्याकडं बघत राहिले. प्रयोगशाळेत आणखी पोरं-पोरी होत्या.

"बापाची लाज वाटत्या व्हय रं?"

ह्या प्रश्नाला हो म्हणून कोण उत्तर देईल? मी नाही म्हटलं. "मग झालं," म्हणून सर गेले. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा नुसती आबांचीच लाज वाटत नव्हती. आबा पडद्यावर येणार, सर त्यांच्याशी ओरडून बोलणार, आणि मी मधे उभा असणार. हे तिघंही मला एकाच वेळी नको होते.

हनोईतल्या त्या हॉलमध्ये पुढच्या फळ्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहिला होता. सगळे तेच वापरत होते. व्यवस्थेला असलेली एक मुलगी माझ्या भाषणाआधी येऊन सरांना जोडून देऊ का विचारून गेली. "नो नो, थँक्यू पावणं. वुई हॅव अवर ओन," सर म्हणाले. मी मान खाली घातली.

भाषण बरं झालं. सुरुवातीला अडखळलो, मग आकडे आले आणि मी सावरलो. आकड्यांपाशी मला भीती वाटत नाही. शेवटी मी म्हटलं की आता हे भात पिकवणारे शेतकरी, माझे वडील, आपल्याशी बोलतील. सर व्यासपीठावर आले आणि त्यांनी बटण दाबलं.

नेट लागेना. शहरात सगळीकडं चाललेलं सिम त्या हॉलच्या जाड भिंतीत मेलं होतं. काड्या दिसत होत्या, आत काही येत नव्हतं. सरांनी लॅपटॉप बंद केला, सगळ्यांसमोर उलटा केला, बॅटरी काढली, डबीतून दुसऱ्या कंपनीचं सिम काढून घातलं. ते त्यांनी खबरदारी म्हणून घेऊन ठेवलं होतं. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर नुसता निळा उजेड. लॅपटॉप सुरू व्हायला त्याचा वेळ घेत होता. सत्राच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. दुसऱ्या सिमनं पिन मागितला आणि पिनचा कागद हॉटेलवर राहिला होता. ती व्यवस्थेची मुलगी पुन्हा पुढं आली. सरांनी तिला हातानंच थांबवलं आणि पुन्हा बॅटरी काढली.

मी बाजूला उभा होतो. मला एकच वाटत होतं, लागू नये. वेळ संपावी, अध्यक्षांनी थांबवावं, आणि माझं भाषण माझ्या आकड्यांवर संपावं.

सरांनी खिशातून आपला साधा बटणांचा फोन काढला, त्यातलं कोल्हापूरचं सिम काढलं आणि तेच लॅपटॉपमध्ये घातलं. रोमिंगवर. आणि लागलं.

पण त्या सिमवर सरांना आलेले निरोप साठून राहिले होते. हनोईत उतरल्यापासून फोन बंद होता, तेवढ्यात आलेले सगळे. ते आता एकेक करून पडद्याच्या कोपऱ्यात उगवायला लागले, प्रत्येक अक्षर वितीएवढं. पहिला कंपनीचा, व्हिएतनाममध्ये स्वागत करणारा. दुसरा सरांच्या बायकोचा, कपाटाची किल्ली कुठं ठेवलीया विचारणारा. लोक हसले. देवनागरी फारशी कुणाला वाचता येत नव्हती, पण सर प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचून इंग्रजीत सांगत होते, जणू तो कार्यक्रमाचाच भाग आहे. मग तिसरा आला.

"सर मी आबा बोलतोय. आमी टाकीपशी हाय. उन लई हाय पण थांबतो."

मग चौथा. "पोरगं जेवलं का. तिथं भात मिळतो का."

हे चुलतभावानं लिहिलं होतं, आबांनी सांगितलेलं जसंच्या तसं. सरांनी ते भाषांतर करून सांगितलं. भात पिकवणाऱ्या देशातले भाताचे अभ्यासक ते, सगळा हॉल हसला. वाईट हसले नाहीत. पहिल्या रांगेतल्या एक वयस्कर बाई हात हलवून म्हणाल्या, सांगा त्यांना, मिळतो, पुष्कळ मिळतो. मी माझ्या बुटांकडं बघत होतो. ते नवे होते, परिषदेसाठी घेतलेले.

मग पडद्यावर आबा आले. फोनच्या फार जवळ. आधी नुसतं नाक आणि मिशी, मग चुलतभावानं फोन मागं घेतला तसा पांढरा शर्ट, टाकीची शेवाळलेली भिंत आणि मागून चाललेली कुणाची तरी म्हैस.

"जयभीम," आबा म्हणाले. सगळ्या हॉलला.

दुसऱ्या रांगेत आपल्याच देशातल्या दुसऱ्या विद्यापीठाचे दोघे बसले होते. सकाळी चहाला माझ्याशी छान बोलले होते, माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. ते एकमेकांकडं बघून किंचित हसले. मी ते पाहिलं. त्यांनीही मला पाहताना पाहिलं.

"जयभीम आबा!" सर ओरडले, जराही न थांबता. "दिसतंय का आमी?"

"दिसतंय की. तुमी लई बारीक दिसताय."

"ह्या पावण्यांस्नी तुमच्या बियाचं सांगा की."

आबांनी टोपी सारखी केली. शेजारी चुलतभाऊ काहीतरी कुजबुजला.

"बियाचं काय सांगू सर," ते शेवटी म्हणाले. "बी हिनं ठेवल्यालं असतंय. ती रानात भांगलायला गेलीया. मी आपला पेरतो. त्यातलं मला काय एवढं कळत न्हाय."

सरांनी हेही सांगितलं. शब्दही न बदलता.

"पोरगं कुठाय?"

मी कॅमेऱ्यासमोर गेलो.

"जेवलास?"

"व्हय."

"भात हाय?"

"हाय आबा."

"मग बरं." एवढं बोलून ते बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "सायबास्नी सांग, पोरगं गुणाचं हाय म्हणावं. काय चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या म्हणावं."

सरांनी तेही सांगितलं.

तेवढ्यात रोमिंगचं नेट संपलं. आबा पडद्यावर तसेच थिजले, तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मी त्या तोंडाखाली उभं राहून आभाराचं वाक्य म्हटलं.

टाळ्या खूप वाजल्या. माझ्या मोजणीवर मात्र एकही प्रश्न आला नाही. मी उत्तरं तयार करून गेलो होतो. एकानं येऊन विचारलं, वडिलांच्या त्या चित्राखाली तुझा एक फोटो काढू का?

संध्याकाळी सर कॉरिडॉरमध्ये घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी खात होते. सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून घाईत. मी शेजारी बसलो.

"त्यांचं वायफाय घेतलं असतं तर झटक्यात लागलं असतं. आसंच वाटतंय न्हवं तुला?" सर म्हणाले.

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मी शाळेला असताना एका पावण्यांच्या ओसरीवर राहून शिकलो. निपाणीला. लई चांगली माणसं. जेवायला घालायची, कधी काय बोलली न्हाईत. पर दिवा त्यांचा. त्यांनी मालवला की मी पुस्तक मिटायचं. गणित निम्म्यावर आसलं तरी. चार वर्सं माझी गणितं निम्म्यावरच ऱ्हायली." त्यांनी शेवटची दशमी अर्धी करून मला दिली. "तवापास्नं ही खोड हाय. न्हाय जात. आता तुझ्यापायी आज घालवायला पायजे हुती, पर हात पुढं हुईना."

ही त्यांनी मागितलेली माफी होती का? तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी दशमी खाल्ली.

महिन्याभरानं निकाल आला. जागा मला मिळाली होती. सर विभागात शिरताना जिन्यावरूनच ओरडत आले. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मग मी ते पत्र नीट वाचलं. वडील आणि मुलगा यांच्यातला तो संवाद परीक्षकांच्या मनात घर करून राहिला, असं त्यात होतं. अशा घरातून आलेल्या विद्यार्थ्याला संधी देताना आम्हाला आनंद होतो, असंही होतं. चिखलात उभं राहून केलेल्या मोजणीचा उल्लेख एका ओळीत होता, आणि भाताचं नाव चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून लॅपटॉपच्या सैल झालेल्या बिजागरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधत होते.

"सर, मला ती जागा नको."

त्यांनी वर बघितलं नाही. "का?"

"माझ्या कामावर एक प्रश्न नाही आला, सर."

"न्हाय आला."

"त्यांना माझी दया आली म्हणून दिलीय."

"आसंल," सर म्हणाले.

मला वाटलं होतं ते समजूत काढतील. नाही रे, असं नसतं, काहीतरी म्हणतील. त्यांनी पट्टीची गाठ मारली आणि टोक दातानं तोडलं.

"तुम्ही मुद्दाम केलं का, सर? आबांना आणलं, ते निरोप वाचून दाखवले, ते..."

आता त्यांनी वर बघितलं. "मुद्दाम? अरं तम्मा, सिमामागनं सिम घालून नेट लागंना, माझा बनियन घामानं भिजला, समोर समदी मोठी माणसं बसल्याली. मी मुद्दाम काय करतोय! निरोप आलं ते वाचलं. न वाचता तसंच ठेवलं असतं, तर लोकांस्नी वाटलं असतं काय झाकाय लागलाय."

मी ट्यूबची उरलेली पट्टी उचलून गुंडाळत बसलो.

"नको तर नको," सर म्हणाले. "मी कळवतो तिकडं. पर आदी गावाकडं जा. आबांस्नी सांग. जागा मिळाली आन का नको, ते मला सांगितलंस तसं समदं सांग. मग मला फोन कर."

मी दुपारच्या एसटीनं निघालो. मलकापूर येईपर्यंत वाक्यं जुळवत होतो. आबा, त्यांनी माझ्या अभ्यासाकडं बघून नाही दिली. आबा, तुम्ही पडद्यावर आलात ना, त्यामुळं. प्रत्येक वाक्य त्यांच्यावर जाऊन पडत होतं.

घरी आई एकटीच होती. जागेचं मी कळवलं नव्हतं अजून. तिनं विचारलंही नाही. पाणी देताना म्हणाली, "त्या टाकीपशी गेल्यालं तवापास्नं ह्यांचं काय बिनसलंय कुणास ठाऊक. त्यो पांढरा शर्ट घडी करून ट्रंकंत घातलाय. कुणाचा फोन वाजला की उठून भाईर जात्यात."

आबा गोठ्याजवळ विळ्याला धार लावत बसले होते. उन्हं उतरली होती. मी जाऊन समोर टेकलो. इकडचं तिकडचं झालं. मग विळा तसाच हातात धरून ते म्हणाले, "सरांस्नी राग आला न्हवं?"

"कशाचा?"

"एवढ्या साहेबांम्होरं त्यांनी बियाचं इचारलं आन मला सांगायला येईना. तोंडच उघडंना बग. रातभर घोकल्यालं मी. कधी पेरतो, कधी लावतो, समदं. आन यळंला हे कळत न्हाय म्हनून मोकळा झालो." विळ्याचं पातं त्यांनी दगडावर एकदा नुसतंच फिरवलं. "तुझी जागा माझ्यापायी गेली आसंल."

मी एसटीत जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणजे विसरलो नाही. तेच म्हणालो, पण ते तेच राहिलं नाही.

"जागा मिळाली, आबा."

त्यांचा हात थांबला.

"तुमच्यामुळंच मिळाली."

"चेष्टा करतोस व्हय रं बापाची?"

"न्हाय आबा. त्यांनी लिवलंय तसं. तुमचं बोलणं लई आवडलं म्हणून."

ते माझ्याकडं बघत राहिले. खोटं बोलतोय का, हे लहानपणी बघायचे तसं. मग त्यांनी विळा खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा काही फुलला की मला तिकडं बघवेना.

"व्हय? आन मग आदी सांगायचं न्हाय व्हय! अजून जरा बोललो असतो की!"

मागं दारात आई हसली. मला पत्रातलं बाकीचं सांगायचं होतं. नाही सांगितलं. उठून टाकीकडं गेलो आणि सरांना फोन लावला.

"सांगितलंस?"

"निम्मं."

"कुठलं निम्मं?"

मी आबा काय म्हणाले ते सांगितलं. सर पलीकडं हसले नाहीत, आणि ते न हसल्याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

"आन आता तुझं काय?" त्यांनी विचारलं. "कळवू काय मी, नको म्हणून?"

पत्र माझ्या खिशात होतं. त्यातली ती वाक्यं मला अजून टोचत होती. आजही टोचतात. मी हळू आवाजात काहीतरी म्हणालो.

"काय? ऐकाय येत न्हाय तम्मा. मोठ्यानं बोल!"

"नका कळवू, सर."

"मोठ्यानं!"

"नका कळवू!" मी ओरडलो. नळावर पाणी भरणाऱ्या बायका घागरी तशाच धरून वळल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.